यादीत नसलेली फाइल

चाचांना घरी पाठवलं तेव्हा मी कंपनीतच होते, पहिल्या मजल्यावर, माझ्या खुर्चीत. खिडकीतून गेट दिसतं. सिक्युरिटीवाल्यानं त्यांची पिशवी उघडून पाहिली, जेवणाचा डबासुद्धा उघडून पाहिला. कंपनीच्या बसची वेळ नव्हती, म्हणून ते दुपारच्या उन्हात पायीच हायवेकडे निघाले. ज्या कागदामुळे त्यांना घरी पाठवलं, तो मी लिहिला होता.

आमची कंपनी चाकणला. गाड्यांच्या दाराचे पत्र्याचे भाग बनवते. मी कॉम्प्युटर विभागात आहे, मूळची उदगीरकडची, राहते मोशीत. चाचा टूलरूममध्ये होते. प्रेसवर पत्रा दाबून त्याला आकार देणारे जे जड लोखंडी साचे असतात, ज्यांना सगळे डाय म्हणतात, त्यांची देखभाल त्यांच्याकडे. साठीला दोन वर्षं कमी असतील. घर चऱ्होलीला, जुनं, सोसायट्यांच्या मध्ये अडकलेलं. तीन पिढ्या तिथलेच, त्यामुळे बोलणं अस्सल गावचं. माझ्याहून शुद्ध मराठी बोलणाऱ्या माणसांपेक्षा मला त्यांचं बोलणं जवळचं वाटायचं.

या प्रकाराच्या दोनेक वर्षं आधी ते एक वही घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. वहीत रोजची मापं लिहिलेली, बारीक अक्षरांत, कित्येक महिन्यांची.

"बेटा, डाय खराब व्हायच्या आधी ही मापं हळूहळू सरकत्यात. मला वहीत दिसतं. कॉम्प्युटरला दिसंल का?"

"दिसेल की. पण त्याला सांगावं लागेल काय बघायचं ते."

"मग मला सांगायला शिकव."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बसायचो. दहावी आणि आयटीआय झालेला तो माणूस दोन महिन्यांत स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहायला लागला. शिफ्ट संपली की मोजणीच्या मशीनवरचे आकडे तो प्रोग्रॅम आपोआप उचलायचा, त्यांची एक फाइल करून ठेवायचा आणि पडद्यावर एक ओळ दाखवायचा. एकतर 'डाय बरी हाय', नाहीतर 'डाय काढा'. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. मी म्हटलं, "चाचा, 'आहे' लिहा ना." ते म्हणाले, "डाय आमची, बोलणं बी आमचं." मी खूप हसले होते. मग माझ्याकडे दुसरं काम आलं आणि बसणं थांबलं. ते एकटेच पुढे सुधारणा करत राहिले. तसं मला कुणीतरी सांगितलं होतं, आणि मी ते ऐकून सोडून दिलं होतं.

मग आमच्या एका नव्या भागाचं ड्रॉइंग दुसऱ्याच कंपनीकडे सापडलं. आमच्या ग्राहकानं फोन करून विचारलं, हे बाहेर गेलं कसं? त्या दिवसापासून वरच्या मजल्यावर कुणी नीट बोलेना. सरांनी, म्हणजे माझ्या मॅनेजरनी, मला सगळे कॉम्प्युटर तपासायला सांगितलं आणि तीन दिवस दिले.

एका कॉम्प्युटरवर लाखो फाइली असतात. एकेक उघडून बघणं शक्य नसतं. त्यासाठी हॅश वापरतात. फाइलमधल्या मजकुरावरून गणित करून एक लांबलचक आकडा काढायचा. मी नव्या लोकांना समजावताना त्याला फाइलचा अंगठा म्हणते. तीच फाइल जगात कुठेही असली तरी तोच अंगठा, आणि आत एक स्वल्पविराम बदलला तरी अंगठा पार वेगळा. नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींचे असे हॅश गोळा केलेल्या प्रचंड याद्या मिळतात. यादीशी जुळल्या त्या फाइली ओळखीच्या म्हणून बाजूला काढायच्या. उरतील त्या माणसानं बघायच्या. पद्धत चांगली आहे. आजही मी तीच वापरते. पण ती एवढंच सांगते, की ही फाइल यादीत आहे किंवा नाही. फाइल चांगली की वाईट, हे ती सांगत नाही. मला हे माहीत होतं. परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर मी लिहिलेलं होतं.

टूलरूमच्या कॉम्प्युटरवर सगळं जुळून एक फाइल उरली. नाव नुसतं एक अक्षर आणि एक आकडा. कुठल्याच यादीत नाही. रोज शिफ्ट संपताना आपोआप चालू होणारी, आणि मापं गोळा करून ठेवणारी. त्यात त्याच भागाची मापं होती, ज्याचं ड्रॉइंग बाहेर गेलं होतं. जेवणाच्या सुट्टीत शिकवलेल्या त्या छोट्या प्रोग्रॅमशी मी तिचा संबंध तेव्हा जोडला नाही.

तिसऱ्या दिवसाची दुपार होती. चार वाजता सरांना मीटिंगमध्ये काहीतरी सांगायचं होतं. मी अहवालात त्या फाइलीपुढे 'अनोळखी' असं लिहिलं. सरांनी वाचलं आणि विचारलं, "अनोळखी म्हणजे संशयास्पद?"

मी म्हणाले, "तसं म्हणता येईल, सर."

टूलरूम माझ्या खुर्चीपासून एक जिना आणि एक व्हरांडा, एवढ्याच अंतरावर. खाली जाऊन "चाचा, हे काय आहे?" असं विचारायला पाच मिनिटं लागली असती. मी गेले नाही, कारण तीन दिवस काम करून हाती काहीच लागलं नाही असं मला सांगायचं नव्हतं. इतकं साधं कारण आहे. त्याला मी पुढे बरीच मोठी नावं देऊन पाहिली, पण ते तेवढंच आहे.

दुसऱ्या दिवशी चाचांना वर बोलावलं आणि दुपारी घरी पाठवलं. चौकशी होईपर्यंत यायचं नाही म्हणून सांगितलं. कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू व्हायला तासही लागला नाही. 'यांचं असंच असतं' हे वाक्य मी माझ्या मागच्या टेबलावरून ऐकलं. 'यांचं' म्हणजे कुणाचं, ते न सांगताही सगळ्यांना कळलं होतं. मी वळून काही बोलले नाही.

ती फाइल मी चालवून पाहिली, ती त्यानंतर दोन दिवसांनी. वेगळ्या कॉम्प्युटरवर, नेटवर्क काढून. काळी खिडकी उघडली, आकडे सरकले, आणि शेवटी ओळ आली. डाय बरी हाय.

मी तशीच सरांकडे गेले. "सर, ती फाइल चाचांनी स्वतः लिहिली आहे. मीच त्यांना शिकवलं होतं."

सर म्हणाले, "मी त्यांना विचारलं होतं, हे कुणी शिकवलं? ते म्हणाले, माझं मी शिकलो. दोनदा विचारलं. दोनदा तेच."

कंपनीच्या कॉम्प्युटरवर परवानगीशिवाय असं काही करायचं नाही, असा नियम होता. माझं नाव घेतलं असतं तर माझीही चौकशी झाली असती. ते त्यांनी ओळखलं होतं.

माझ्या सांगण्यानं चौकशी लगेच संपली नाही. तीन आठवडे चालली. शेवटी कळलं, की ड्रॉइंग आमच्याच खरेदी विभागातून एका साध्या ईमेलला जोडून चुकीच्या पत्त्यावर गेलं होतं. ते पाठवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक कॉम्प्युटरवर असतं. माझ्या यादीनं ते पहिल्याच दिवशी ओळखीचं म्हणून बाजूला काढलं होतं.

चाचांना दोन ओळींचं पत्र देऊन परत बोलावलं. ते आले. पण गेटवर त्यांचा डबा उघडून बघणं सुरूच राहिलं, कारण तसं बघू नका असं सिक्युरिटीला कुणी सांगितलंच नव्हतं. टूलरूमचा कॉम्प्युटर पुसून कोरा केलेला होता. वरून आदेश आला म्हणून मीच तो पुसला होता. चाचा महिनाभर आले, आणि मग त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी मी रजेवर होते. रजा मुद्दाम टाकली होती.

त्यांच्या प्रोग्रॅमची एक प्रत चौकशीच्या फोल्डरमध्ये शिल्लक होती. ती परत टूलरूमला द्यावी म्हणून मी अर्ज केला. उत्तर आलं, की संबंधित व्यक्ती आता कंपनीत नाही, सबब बाहेरच्या माणसाचं सॉफ्टवेअर चालवता येणार नाही. आता डाय खराब झाली की पत्र्याच्या कडेला बारीक काटे येतात, आणि ते हाताला लागले की मगच कळतं.

चार महिन्यांनी मी चऱ्होलीला गेले. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी धार लावायचं मशीन टाकलं होतं. सोसायट्यांमधल्या बायका सुऱ्या आणि कात्र्या घेऊन येत होत्या. मला बघून त्यांनी मशीन बंद केलं.

"ये बेटा. बस."

चाची बाहेर आल्या नाहीत. आतून नातीच्या हाती पाणी आलं, चहा आला नाही. चाचांनी दाराकडे एकदा बघितलं आणि विषय बदलावा तसं मोशीच्या रस्त्याचं विचारलं. मी म्हणाले, "चाचा, तो अहवाल मी लिहिला होता."

"ठाव हाय. कागद पुढं ठेवला तवा खाली सही तुझी होती."

"मग माझं नाव का नाही घेतलं?"

ते हातातल्या कात्रीची पाती उघडझाप करत राहिले. "तू शिकवलं ते खोटं होतं व्हय? ते का वाया घालवू?" मग म्हणाले, "पण एक येळ खाली यायचं होतंस गं. मी तितंच बसलो होतो."

मी माफी मागायला गेले होते. वाक्य येताना बसमध्ये जुळवून ठेवलं होतं. तेवढ्यात एक बाई सुरी घेऊन आली, त्यांनी मशीन चालू केलं, आणि त्या आवाजात मला ते म्हणता आलं नाही. मशीन थांबल्यावरही आलं नाही.

निघताना ते रस्त्यापर्यंत आले, रिक्षा थांबवली, आणि मला कुठे सोडायचं ते रिक्षावाल्याला नीट समजावून सांगितलं. मी म्हणाले, "परत येईन." ते "ये की" म्हणाले.

आता मी कुठल्याही फाइलीपुढे 'अनोळखी' लिहिण्याआधी उठून त्या माणसाकडे जाते. नवीन मुलींनाही तसंच करायला लावते. त्यांना वाटतं, मॅडम फार काटेकोर आहेत. चऱ्होलीला मात्र मी अजून परत गेलेले नाही.