मामांची गनबोट

कुठल्याही विषयावरून तिसऱ्या वाक्याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोचणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला : माझ्या बायकोचे लांबचे मामा. पेशानं दातांचे डॉक्टर, मुक्काम ग्लासगो, आणि समुद्राशी संबंध इतकाच की फेरीबोटीत बसलं की त्यांना मळमळायचं. पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकन नौदलाची एक गनबोट, म्हणजे तोफा लावलेलं छोटं लढाऊ जहाज, भूकंपानंतरच्या लाटेनं उचलून पार गावापलीकडच्या वाळूत नेऊन ठेवली, हे त्यांनी कुठंसं वाचलं आणि त्या दिवसापासून दुसरं काही सांगण्यासारखं त्यांना जगात उरलंच नाही. "आणि ठेवली कशी? सरळ! तळ सपाट होता ना, म्हणून कलंडली नाही!" हे सांगताना मामांचा चेहरा असा फुलायचा, की तो तळ जणू त्यांनीच आखून दिला होता.

गोष्ट साभिनय असायची. मामांचे हात वर जायला लागले की मामी मुकाट्यानं आसपासचे कप उचलून घ्यायच्या. आमच्या नव्या फ्लॅटच्या पूजेला मामांनी आमटीच्या वाटीची गनबोट केली, टेबलक्लॉथ ओढून समुद्र केला, आणि आमटी थेट भटजींच्या मांडीवर उतरली. वाटी मात्र सरळ राहिली. "बघितलंस? सपाट बूड!" मामा म्हणाले. भटजींना त्यात फारसा रस दिसला नाही.

खरी पंचाईत पेशंटांची. माझी अक्कलदाढ काढायची होती. जीभ बधिर, तोंडात नळी, आणि "समुद्र आधी मागे गेला, बरं का," म्हणत मामांनी पक्कड वर धरली. दाढ पाच मिनिटांत निघाली. गनबोट जमिनीला लागायला पुढची वीस लागली. "नॉट लाँग नाऊ, दॅट्स द वेव्ह," नर्स माझ्या कानाशी पुटपुटली.

मग २००४चा बॉक्सिंग डे, म्हणजे नाताळचा दुसरा दिवस, आला. टीव्हीवर त्सुनामीची ती लाट आम्ही सगळ्यांनीच पाहिली. जानेवारीत चर्च हॉलमध्ये महाराष्ट्र मंडळाची संक्रांत होती, तर मामा सबंध दुपार फक्त दातांबद्दल बोलले. शेवटी माझ्या बायकोला राहवेना.

"मामा, आज गनबोट नाही?"

"नाही गं. बोटीवरचे जवळजवळ सगळे वाचले, म्हणून मी हसत सांगायचो. पण ती लाट गावावरून गेली होती. इतकी वर्षं मी नुसती बोटच सांगत आलो."

"मग गाव सांगा."

मामांनी सुरुवात केली. हात मांडीवरच होते. बंदरात माल उतरवणारी माणसं, टेकडीकडे पळत सुटलेली कुटुंबं... एवढ्यावरच ते थांबले.

"पुढं मला माहीतच नाही. तोफा किती होत्या ते पाठ आहे. त्या गावातलं माणूस एकही माहीत नाही मला."

मामींनी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ घेतली. हॉलच्या पलीकडच्या बाजूला कुणीतरी उखाणा घेत होतं, हशा पिकत होता. आम्ही चौघं मात्र तसेच बसून राहिलो. कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं.