अंगठा सुजला तेव्हा

ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा पहिल्यांदा सुजला, तेव्हा ठेच लागली असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. आम्ही दीपनगरच्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि हे वीज केंद्रात शिफ्टला जायचे. दुसऱ्यांदा अंगठा लाल झाला तेव्हा पायावर चादर टेकली तरी कळ यायची. कुणाच्या तरी सांगण्यावरून ह्यांनी युरिक ॲसिड तपासून घेतलं. ते वाढलेलं निघालं. मग घरात तूरडाळ बंद झाली आणि मेडिकलमधून दुखणं थांबवायच्या गोळ्यांची पाकिटं येऊ लागली. गोळी घेतली की बूट घालता यायचा. तेवढ्यावर वर्ष गेलं.

मला काळजी अंगठ्याची नव्हती. जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर हे थांबायचे आणि खिशातून मोबाईल काढून कानाला लावायचे. एकदा मी मागून येत होते. मोबाईलचा स्क्रीन बंदच होता. हे नुसते श्वास घेत उभे होते. विचारलं तर चिडतील, म्हणून दोन-तीन महिने मी ते मनातच ठेवलं.

अंगठा तिसऱ्यांदा सुजला आणि गोळीनेही उतरेना, तेव्हा आम्ही जळगावला गेलो. डॉक्टरीणबाई वयाने आमच्याहून लहान होत्या. त्यांनी अंगठा पाहिला, पण वेळ घालवला तो बीपी मोजण्यात. एका हाताचं मोजलं, मग दुसऱ्याचं. दोन्हीकडे ते बरंच वाढलेलं निघालं.

चालताना, जिना चढताना धाप लागते का, असं त्यांनी विचारलं. हे शांतपणे नाही म्हणाले. त्या लिहू लागल्या.

"लागते," मी म्हटलं. "दुसऱ्या मजल्यावर थांबतात. फोन आल्याचं दाखवतात."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण तशी नजर मी कधी पाहिली नव्हती. "काही नई व्हयेल माले," ते माझ्याकडेच बघत म्हणाले, मला काही झालेलं नाही म्हणून. हे मूळचे धुळ्याकडचे. डॉक्टरांपुढे शुद्ध बोलणारा माणूस, पण राग आला की गावची बोली यायची.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"युरिक ॲसिड वाढलं म्हणजे हृदयरोग होतोच असं नाही," त्या म्हणाल्या. "ते स्वतः हृदयाला इजा करतं की नुसता धोका दाखवतं, यावर अजून एकमत नाही. पण ते बहुतेक वेळा एकटं नसतं. बीपी, साखर, किडनी, वजन, यातलं काहीतरी सोबत असतं. त्यामुळे नुसता अंगठा बघून मला थांबता येत नाही."

त्यांनी दुखणं थांबवायच्या त्या गोळ्या तिथेच बंद केल्या. अशा गोळ्या विचारल्याशिवाय सतत घेतल्या तर बीपी वाढतं, हृदयावर आणि किडनीवरही ताण येतो, असं सांगितलं. मग ईसीजी झाला. त्यांनी ती पट्टी दोनदा वाचली आणि आम्हाला घरी न पाठवता हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. बाहेरच्या बाकावर बसून मी दाराकडे पाहत होते. हे माझ्याशी कालपासून एक शब्द बोलले नव्हते, आणि आत जातानाही नाही. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. त्याच दुपारी स्टेंट बसवला.

वॉर्डात आणल्यावर त्यांनी पाणी मागितलं. प्यायले, आणि म्हणाले, "कामावर कळलं असतं तर वरच्या मजल्यांवरचं काम काढून घेतलं असतं. त्याची भीती होती."

मरणाची नव्हती का, हे विचारायचं मी टाळलं.

घरी आल्यावर धुळ्याहून, देवपूरमधून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. ह्यांची चौकशी झाल्यावर तो सहज म्हणाला, त्याचंही युरिक ॲसिड वाढलंय, पण त्याने डाळ सोडलीय, आता काही त्रास नाही.

"नाना, बीपी कधी मोजलं होतंस?" मी विचारलं.

त्याला आठवेना. सोमवारी जातो म्हणाला. मी वहिनीला फोन द्यायला सांगितलं.