दाजींनी काढलेलं डांबर

आमच्या दाजींना सगळं येतं. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचे यजमान, या घरचे थोरले जावई. ते आले की सासूबाई पंखा त्यांच्याकडे वळवतात आणि माझा नवरा, एरवी चांगला बोलका माणूस, नंदीबैलासारखा मान हलवायला लागतो. खानदेशातून सुरतेत येऊन आम्हाला दोन पिढ्या झाल्या, पोरं आपसात गुजरातीत भांडतात. पण जावयाला ‘नाही’ म्हणायचं नाही, ही रीत आम्ही तिकडून बरोबर आणली ती अजून सुटलेली नाही. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. आमच्याकडे तो महिन्यातून दोनदा जेवायला येतो.

माझ्या भाचीचा साखरपुडा ठरला होता. माहेर नवापूरच्या पुढे. तिथं मी पहिल्यांदा माझी गाडी स्वतः चालवत नेणार होते. मी साड्यांना लेस लावायचं काम घेते आणि लिंबायत-गोडादऱ्याच्या वस्त्यांतल्या बायकांना वाटून देते. ते गठ्ठे न्यायला ही जुनी पांढरी गाडी घेतली, चालवायलाही मीच शिकले. नवऱ्याला अजून येत नाही. आईला फोनवर सांगितलं तर तिला खरंच वाटेना. म्हणाली, तू चालवणार, मग जावईबापू कुठं बसणार? शेजारी बसतील म्हटलं. तिला ते काही पटलं नाही.

त्याच आठवड्यात डिंडोलीच्या आमच्या रस्त्यावर डांबर पडलं. भर उन्हात ओतलं आणि ते सुकायच्या आत लोकांनी गाड्या घातल्या. आमच्या लोकांना मोकळा रस्ता दिसला की धीर म्हणून निघत नाही. मलाही गठ्ठे पोचवायचे होते, जावंच लागलं. घरी येऊन बघते तर दाराच्या खालच्या अंगाला आणि बंपरवर काळे ठिपके, बॉनेटवरही पुढच्या ट्रकने उडवलेले शिंतोडे.

ते काढायचं कसं, याची मी नीट चौकशी केली होती. आधी भरपूर पाण्याने धुऊन धूळ घालवायची. मग गाडी सावलीत घ्यायची, पत्रा गार होऊ द्यायचा. डांबर काढायचं औषध मिळतं, ते मऊ कापडावर घेऊन डागावर दाबून धरायचं आणि थांबायचं. डांबर आपणहून सुटतं. ते टिपून घ्यायचं, घासायचं नाही. शेवटी शाम्पूने धुवायचं आणि पॉलिश लावायचं. यात कष्ट नाहीत, फक्त थांबणं आहे. आमच्या घरातल्या पुरुषांना तेवढंच जमत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दाजी नणंदेला घेऊन आले. दुसऱ्या दिवशी तेही आमच्याबरोबर येणार होते. मी चहा ठेवायला आत गेले. चहा घेऊन बाहेर येते तर गाडी उन्हात, कोरडी, धुळीने भरलेली, आणि दाजी बाह्या सारून बॉनेटवर जोर काढतायत. दाजी लूमच्या कारखान्यात मास्तर आहेत. कापडाच्या ताक्यावर मशीनच्या तेलाचा डाग पडला की पेट्रोल टाकून तो लगेच घासून काढायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. त्यांच्या मते डाग म्हणजे डाग, कपड्यावरचा काय आणि पत्र्यावरचा काय. आणि घासायला त्यांनी दारातल्या माझ्या पोत्यातून चिंधी उचलली होती. साडीच्या काठाची, जरीची.

सुरतेत कुणी फडकं विकत घेत नाही. चूल पुसायची चिंधीने, आरसा पुसायचा चिंधीने. पण जर म्हणजे तार, एवढंही ज्याला कळू नये त्याने मास्तर कशाला म्हणवून घ्यावं? मी तोंड उघडणार तोच सासूबाईंनी डोळे वटारले. नवरा दाजींच्या चहाचा कप हातात धरून उभा होता. दाजींना माहीत असतं, म्हणाला.

डांबर निघालं नाही, पसरलं. त्याखाली केसासारख्या बारीक ओरखड्यांचं जाळं उमटलं. दाजींनी ते लांबून पाहिलं, जवळून पाहिलं आणि निकाल दिला की गाडीचा रंगच हलका आहे. वर म्हणाले, बायकांच्या हातात गाडी दिली की हेच व्हायचं, उद्या हायवेला मी चालवतो. माझ्या नवऱ्याने खुंटीवरची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी मी गाडी सावलीत घेतली, धुतली, औषध लावलं आणि थांबले. डांबर सगळं निघालं. ओरखडे राहिले.

सकाळी दाजी नवीन सफारी घालून किल्ली फिरवत गाडीशी उभे राहिले. मी बॅग उचलून मागच्या दाराकडे निघाले होते. तेवढ्यात सासूबाई पायऱ्या उतरून आल्या. त्या घरात अहिराणीच बोलतात.

“जावईबापू, तुम्ही मानना माणूस,” त्या म्हणाल्या. “मानना माणूस मांगे बसस. गाडी डायवर चालाडस.”

आणि हात पुढे केला. दाजींना मानाला नाही म्हणायची सोयच नव्हती. त्यांनी किल्ली दिली, सासूबाईंनी ती माझ्या हातात ठेवली आणि स्वतः जाऊन पुढे बसल्या. मी डायवर झाले, त्याचं मला काही वाटलं नाही. दाजी मागे खिडकीशी, मध्ये नणंद, पलीकडे नवरा आणि त्याच्या मांडीवर लाडवाचा डबा.

माहेरच्या दारात गाडी उभी केली. आई ओवाळायचं ताट घेऊन आली ती रीतीप्रमाणे पुरुषमाणूस शोधत. मग तिने स्टिअरिंगवरचे माझे हात पाहिले. ताट माझ्या खिडकीतून मागे नणंदेच्या हातात दिलं आणि माझं मनगट धरून नुसती उभी राहिली. ओरखडे तिने पाहिलेही नाहीत.

मागच्या दारांना पोरांसाठीचं लॉक लावलेलं असतं, ती आतून उघडत नाहीत. दाजी खटखट करत होते.

“उघडते,” म्हटलं, आणि आईशी बोलत बसले.