गुडाखू थोडीच तंबाखू आहे

डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे "नाही" म्हणाले. खोटं बोलायचं माझ्या मनातही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

आमचे हे खाटेवर पडले होते, छातीला वायरी चिकटवलेल्या. आदल्या दिवशी सकाळी बीरगांवच्या घरी अंगणातल्या खुर्चीवर बसून चहा घेतला, वरून सिगरेट पेटवली, आणि ती अर्धी व्हायच्या आत छाती धरून वाकले. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून रायपूरच्या दवाखान्यात आणलं. हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टर तरुण होता, आमच्या मुलीपेक्षाही लहान असावा. तो यांना म्हणाला, "अंकल, अब एक भी सिगरेट नहीं. दूसरा झटका आया तो मेरे हाथ में कुछ नहीं रहेगा." मग माझ्याकडे वळला. "आंटी, घर में और कोई तंबाकू लेता है?"

"नहीं," मी म्हणाले. "हमारे यहाँ तो कोई सुपारी भी नहीं खाता."

खाटेवरून बारीक आवाज आला, "अन् तुझा गुडाखू?"

आता गुडाखू म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, कारण आमच्या पुण्याच्या नातेवाइकांना ते आजवर समजलेलं नाही. काळी, चिकट, गोडसर वासाची पेस्ट असते. छोट्या गोल डबीत मिळते. बोटावर घ्यायची, दातांवर, हिरड्यांवर घासायची, थुंकायची, चूळ भरायची. छत्तीसगडात निम्म्या बायांची सकाळ त्याशिवाय उजाडत नाही. मी भंडाऱ्याकडून लग्न होऊन इथे आले तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. मुलीच्या वेळी पोटुशी होते आणि दाढ अशी ठणकायची की भिंतीवर डोकं आपटावं वाटे. पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, एक बाई म्हणाली, "दीदी, थोड़ा गुडाखू घिस लो, आराम पड़ही." पहिल्या दिवशी गरगरून न्हाणीत बसले. दाढ मात्र थांबली. नंतर ती दाढ पडली, मुलगी जन्मली, मोठी झाली, लग्न होऊन रायपूरच्या चौबे कॉलनीत गेली. गुडाखू तेवढा राहिला.

तर "नाही" म्हणाले ते यामुळे. तंबाखू खातात. सिगरेट पितात. गुडाखू घासतात. आणि जे घासतात ते मंजन, हा आमच्या घरातला साधा हिशोब होता. मी सरकारी शाळेच्या ऑफिसात कारकून होते. शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ असायची, तेव्हा मी पहिल्या रांगेत उभी राहून, हात पुढे करून खड्या आवाजात शपथ घ्यायचे. सकाळी दोनदा गुडाखू घासूनच गेलेली असायचे. मनात तिळाएवढी खोट नव्हती हो! असती तर निदान हळू आवाजात तरी म्हटली असती.

डॉक्टर हसला नाही. "आंटी, गुडाखू में तंबाकू ही तो होता है. तंबाकू और गुड़."

मला राग आला. नवरा मरता मरता वाचलेला, आणि हा पोट्टा माझ्या मंजनाचं काय घेऊन बसलाय! पण त्या दिवशी यांच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलं.

घरी आल्यावर यांनी खाटेवर पडल्या पडल्या जाहीर केलं, "तू सोडशीन तर मी सोडतो."

"अजी, जाळी तुमच्या छातीत बसवली का माझ्या?"

"मी काय एकट्यानं संन्यास घेऊ? रोज सकाळी तू तिकडं न्हाणीत मजेत घासत बसशीन अन् मी इकडं भिंतीकडं पाहू? मले नाही जमत."

मी खूप भांडले. ब्लॅकमेल आहे हे, म्हणाले. पण आतून मी टरकले होते. हा माणूस हट्टी आहे. जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात फिटर होते. तिथे एकदा साहेबाशी वाद झाला म्हणून वर्षभर त्याच्या समोरून जाताना मान वळवली नाही. असा माणूस "नाही सोडत" म्हणाला तर खरंच सोडणार नाही, आणि मग एका सकाळी पुन्हा त्या खुर्चीत वाकलेला दिसेल. मी डबी उचलली, अंगणाच्या कोपऱ्यात नेली आणि नालीत उपडी केली. यांनी सिगरेटचं पाकीट माझ्या हातात दिलं. तेही गेलं त्याच नालीत.

लोक म्हणतात, मन घट्ट करा. ज्यांनी कधी काही सोडलं नाही तेच हे म्हणतात. मन घट्टच होतं, पोटाचं काय करू? इतक्या वर्षांची सवय, गुडाखू घासल्याशिवाय पोट साफच होईना. सकाळभर आत-बाहेर येरझाऱ्या. डोकं जड, हिरड्या शिवशिवायच्या, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप तोंडाकडे जायचं. भाजी चिरताना जायचं, देवापुढे दिवा लावताना जायचं. एकदा मिरची कापलेल्या हाताचं बोट तसंच हिरडीवर फिरवलं आणि नाचले घरभर. हे हसले. जाळी बसवल्यापासून पहिल्यांदा हसले, म्हणून मी शिव्या गिळल्या.

कडुनिंबाची काडी चावून पाहिली. भाजलेली जवस, बडीशेप, लवंग, सगळं झालं. त्या पाऱ्यातल्या बाईनं नळावर विचारलं, "छोड़ देव का दीदी?" मी म्हणाले, "हव." ती हळहळली, जसं काही घरात कोणी गेलं. तिच्या तोंडाचा तो गोड वास माझ्यापर्यंत आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. भरलेली बादली तिथेच ठेवून मी घरात निघून आले. रडले, खरं सांगायचं तर. एवढी शिकली-सवरलेली बाई, पेन्शन घेणारी, आणि एका काळ्या चिकट्यासाठी पदराआड रडते!

यांचं वेगळंच होतं. यांना चहा झाला की हात कुठे ठेवावा कळेना. जेवण झालं की उठून फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. पेन तोंडात धरायचे. टीव्हीवर कोणी सिगरेट पेटवली की खाली पट्टी येते ना, आरोग्यास हानिकारक म्हणून, ती हे मोठ्यानं वाचायचे आणि टीव्हीलाच शिवी द्यायचे. एरवी आमचं भांडण कधी तरी व्हायचं. आता मीठ कमी, भांडण. पंखा का लावला, भांडण. पंखा का बंद केला, भांडण. रविवारी मुलगी आली की आम्ही दोघंही तिच्याकडे एकमेकांच्या तक्रारी करायचो. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, हे पहिल्यापासूनच. "मम्मी, आप दोनों ने बहुत बड़ा काम किया है," म्हणाली. "लेकिन सच बोलूँ? पहले आप लोग ज़्यादा अच्छे थे." आणि हसत सुटली. मला हसू आलं नाही. ती म्हणाली ते खरंच होतं.

थकवा. त्या दिवसांचं नाव काढलं की मला दुसरा शब्द सुचत नाही. कोणतं मोठं काम करून आलेला थकवा नव्हे. काहीच न करता, नुसतं एक गोष्ट न करत राहण्याचा थकवा. काही केलं तर संपतं तरी. न करणं संपतच नाही. झोपून उठावं तर तेच पुन्हा समोर उभं.

एक मात्र झालं. माझं नाक परत आलं. इतकी वर्षं ते नव्हतं, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. फोडणीतला हिंग, पावडरचा वास, कारखान्यांकडून येणारा तो जळका वास, सगळं एकदम दाट यायला लागलं. शेजारी काय शिजतंय ते मी ओट्यापाशी उभी राहून सांगायचे. "आज यांच्याकडे मुनग्याची, शेवग्याच्या शेंगांची भाजी आहे." हे म्हणायचे, "पोलिसात भरती हो."

उन्हाळा तापला. एका दुपारी हे भाजी आणायला म्हणून गेले. एवढ्या उन्हात कशाला, मी म्हणाले, पण बाहेर पडायला यांना कारण लागायचं आणि मलाही घटकाभर हे समोर नको असायचे. परत आले ते घामानं भिजून. थैली खाली ठेवली. मग शर्टाच्या खिशातून काहीतरी काढून ओट्यावर ठेवलं.

गुडाखूची डबी. माझीच, मी घ्यायचे तीच.

"घे," म्हणाले. "घास. बस झालं आता."

मी बघत राहिले. या माणसानं मला कधी गजरा आणला नाही. साडी घेताना दुकानाबाहेर उभा राहायचा. पण मी कोणती डबी घेते ते याला ठाऊक होतं!

"काहून आणली?"

"तुले पाहवत नाही मले. रोज सकाळी ते तुझं कुढणं. वाळून राहिली तू. घे वो, मी काही म्हणत नाही."

हात पुढे गेला. का खोटं बोलू, गेलाच. झाकण उघडलं. वास घ्यायला डबी नाकाशी नेली, आणि त्याच्याही आधी दुसरा वास आला. यांच्या शर्टाचा. घामाच्या खाली, येताना चावलेल्या वेलचीच्या खाली, सिगरेटचा.

"पिऊन आले तुम्ही."

यांनी बाहीनं कपाळ पुसलं.

"किती दिवस झाले?"

"एखादीच. रोज नाही."

तेव्हा मला त्या डबीचा अर्थ लागला. मी घासलं की सौदा मोडला, आणि मोडणारी मी. मग हे मोकळे. वाटलं, ती डबी यांच्या डोक्यात घालावी. पण वर पाहिलं तर चेहऱ्यावर काही चलाखी नव्हती. माणूस नुसता दमलेला होता. खाली बसले, भिंतीला टेकून, भाजीच्या थैलीशेजारी.

"तुझ्यासाठीच आणली," म्हणाले. "माझ्यासाठीही आणली असन. मले समजत नाही. थकलो मी. तूही थकली. अजून किती जगायचं आहे वो आपल्याले? मजेत तरी जगू. जे व्हायचं ते होईन."

आणि सांगते, मला ते पटलं. त्या क्षणी अगदी पटलं. पोरगी मार्गी लागली, नोकऱ्या संपल्या, कोणासाठी हा जाच? बोट डबीत घालायला मी तयार होते. फक्त एकदा यांच्याकडे बघितलं. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. धाप लागलेली. चार पावलं उन्हातून चालून आले होते आणि छाती भात्यासारखी वर-खाली होत होती.

मी झाकण लावलं.

"अजी, ऐका," मी म्हणाले. "ही एवढीशी डबी. हिला सोडता सोडता माझा जीव अर्धा झाला. पोट गेलं, झोप गेली, नळावर पाणी भरायची चोरी झाली. उद्या तुम्ही गेले तर तुम्हाले कशी सोडू मी? ते मले जमणार नाही. डबी सोडते मी, सोडलीच समजा. तुम्हाले सोडायले नका लावू."

असं मी यांना कधी बोलले नव्हते. आमच्यात ती पद्धतच नाही. हे थैलीकडे बघत होते. कोथिंबीर बाहेर लोंबत होती, ती उगाच आत सारत होते. मग उठले, पँटच्या खिशातून सिगरेटचं पाकीट काढलं, ओट्यावरची डबी घेतली आणि बाहेर गेले. कुठे टाकलं मी पाहिलं नाही. टाकलं की फाटकाजवळच्या एखाद्या सुट्या विटेमागे ठेवलं, तेही माहीत नाही. आल्यावर शर्ट काढून बादलीत भिजवला आणि म्हणाले, "चहा ठेव. नाही, चहा नको. ताक आहे का?"

तेव्हापासून एक सुरू झालं आहे. बाहेरून आले की हे चप्पल काढतात आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहतात. कॉलर हातानं पुढे ओढून, मान थोडी तिरपी करून. मी जवळ जाते आणि वास घेते. घाम असतो, धूळ असते, धुण्याच्या साबणाचा वास असतो. दोनदा सिगरेटचा आला. त्या दोन्ही वेळा मी नुसती दूर झाले, आणि हे संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत.

बाकी दिवशी नसतो. नाही हे पहिल्या श्वासातच कळतं मला, नाक तेवढं तयार झालंय. तरी मी लगेच बाजूला होत नाही.