तात्यांचं बोट आणि ट्रॉलीचा होज

मी पोचलो तेव्हा तात्या होजला सायकलची ट्यूब गुंडाळत होते. वर बाइंडिंग वायर, वायरवर आणखी ट्यूब. ट्रॉली शेणखतानं काठोकाठ भरलेली आणि वर उचलायला तयार नाही.

“तात्या, हे काय?”

“तात्पुरतं.”

तात्पुरतं म्हणजे मागच्या खेपेला दीड वर्ष चाललं होतं.

माझं दुकान सोलापुरात होटगी रोडला. ट्रॅक्टर, जेसीबी यांचे हायड्रॉलिक होज बनवतो. होज म्हणजे जाड रबरी नळी, आत स्टीलच्या तारेची जाळी. तिच्या टोकाला लोखंडी फिटिंग मशीनवर दाबून बसवायचं, त्याला आम्ही क्रिंपिंग म्हणतो. या नळीतून तेल दाबानं जातं, ट्रॉलीखालचा जॅक वर येतो आणि ट्रॉली उलटी होते. स्कूटरच्या चाकात हवा असते पंचवीस-तीस पौंडांची. या तेलाचा दाब असतो दोन-अडीच हजारांचा. तात्या मात्र होजला पाइप म्हणतात आणि विहिरीवरच्या पाइपाइतकाच मान देतात.

तात्यांची होटगीच्या पुढे चार एकर डाळिंबाची बाग. फेब्रुवारी महिना. आंबे बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाचा फुलोरा, धरायचा तर आधी बागेचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं गळतात, मग छाटणी, मग शेणखत आणि मग पहिलं पाणी. तात्यांनी पाण्यासाठी गुरुवार काढला होता. झाडांना वार कळत नाही, पण तात्यांना कळतो. आणि आज बुधवार होता.

सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाईकं डोक्यावर बसली होती. “मिस्त्री, ट्रॉली उचलंना. त्याल गळतंय, पर कुटनं ते कळंना.” मी म्हणालो, “शोधून ठेवा, दोन तासांत येतो.” आणि फोन ठेवला.

तर मी ट्यूब कापून काढली. फिटिंगपासून चार बोटांवर सुईच्या टोकाएवढं भोक. नुसत्या डोळ्यांना दिसेना.

“तात्या, हे तुम्हाला सापडलं कसं?”

“सोपं हाय की. विंजिन चालू ठिवलं, लीव्हर वढला अन् पाइपावरनं हात फिरवला. गार लागलं तितं धरलं.”

“हात दाखवा.”

दोन्ही हातांची चाळणी झालेली. चार दिवस तात्या स्वतः छाटणी करत होते, कारण मजूर फांदी चुकीची तोडतात असं त्यांचं ठाम मत. डाळिंबाचा काटा काय असतो ते छाटणी केलेल्यालाच ठाऊक. डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकाला एक बारीक ठिपका होता.

“त्यो काटाय,” तात्या म्हणाले.

“दुखतंय?”

“न्हाय. जरा बधिर हाय.”

तिथंच मी समजलो. काटा ठणकतो. हे बोट गप्प होतं, पांढरट पडलं होतं आणि टरारून तट्ट झालं होतं.

सुईएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार कातडीतून इंजेक्शनसारखी आत जाते. रक्त येत नाही, पहिले काही तास फारसं दुखतही नाही. म्हणून माणूस चहा पितो, कामाला लागतो, आणि तेल आतल्या आत बोट सडवत राहतं. मी शिकाऊ असताना आमच्या वर्कशॉपमधल्या एका मेकॅनिकनं असंच फडकं बांधून दिवस काढला होता. त्याची दोन बोटं गेली.

“चला दवाखान्यात.”

“आदी पाइप बसीव.”

“तात्या, बोट जाईल.”

“मिस्त्री, काटा मोडला म्हणून कुणी दवाखान्यात गेलंय व्हय? लोक हासतील की.”

पंधरा मिनिटं डोकं फोडलं. शेवटी काकू घमेलं ठेवून आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, “म्होरनं वढून न्हाय यायचे ते. तुमी पाइप घिऊन जावा, आपसूक मागनं येतील.”

मी होज खोलला, व्हॅनमध्ये टाकला आणि गाडी चालू केली.

“अरं, मशीन तर तुज्या गाडीतच हाय की!”

“बिघडलंय. दुकानात करावं लागंल.”

मशीन उत्तम चालत होतं. तात्या शिव्या घालत शेजारी येऊन बसले.

दुकानाऐवजी गाडी सरळ दवाखान्यात गेली, तेव्हा शिव्यांचा दर्जा वाढला. आत एका तरुण डॉक्टरनं बोट बघितलं. “काटा रुतलाय. टीटी देतो, घरी जा.” तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू जिल्हा परिषद जिंकली.

मी व्हॅनमधून होज आणला आणि टेबलावर ठेवला. तेल आणि शेणखत दोन्ही गळत होतं. सिस्टर किंचाळल्या, “अहो, उचला ते!”

“उचलतो. डॉक्टरसाहेब, या भोकातून अडीच हजार पौंडाच्या दाबानं तेल निघत होतं. यांनी त्यावर बोट ठेवलं. काटा बघायचा तर बघा, पण आधी हे बघा.”

त्यानं भोक बघितलं, मग बोट बघितलं. मग फोन उचलला. मोठे सर्जन आले आणि दोनच गोष्टी विचारल्या: किती वाजता झालं, आणि तेल कुठलं. तासाभरात तात्या ऑपरेशनला आत.

बाहेर बाकावर बसल्यावर मला सकाळचा फोन आठवला. ‘शोधून ठेवा.’ मीच म्हणालो होतो. वीस वर्षं या धंद्यात आहे, आमचे लोक गळती हातानं शोधतात हे मला नेमकं माहीत आहे, तरी म्हणालो. मला भीती वाटत होती आणि लाजही. बसवेना म्हणून पार्किंगमध्ये जाऊन भोकाचा तुकडा कापला आणि व्हॅनमधल्या मशीनवर होज क्रिंप करून टाकला. वॉचमननं हटकलं तर त्याच्यावर उगाच ओरडलो.

सर्जन बाहेर आले. बोट तळव्यापर्यंत उघडून आतलं तेल धुऊन काढलं होतं. “बोट राहील. रात्र गेली असती तर कापावं लागलं असतं.”

मी होज घेऊन बागेत गेलो, तर काकूंनी चार बाया लावून ट्रॉली घमेल्यांनी रिकामी केलेली. पाणी त्यांनी शनिवारी सोडलं. पुढं बाग फुलायची तशी फुलली.

महिन्यानं तात्या दुकानात आले. बोट होतं, पण वाकत नव्हतं. सरळ ताठ. त्यामुळं ते साधं ‘चहा सांग’ म्हणाले तरी दम दिल्यासारखं वाटत होतं. मी मनातलं बोलून टाकलं. “तात्या, चूक माझी. शोधून ठेवा असं मीच सांगितलं होतं.”

तात्यांनी ते बोट माझ्यावर रोखलं. “तू सांगितलंस म्हणून म्या हात घातला व्हय? मिस्त्री, चाळीस वर्सं बायकूचं आयकलं न्हाय, तुजं कशाला आयकीन?”

आता फोन आला की मी एकच सांगतो: इंजिन बंद करा आणि लांब उभे राहा. गळती शोधायचीच असेल तर लांबून पुठ्ठा धरा, त्यावर तेलाचा डाग उमटतो; हात नको. सगळे ‘व्हय व्हय’ म्हणतात. म्हणून पोचल्यावर मी आधी होज बघत नाही. आधी सगळ्यांची बोटं बघतो.