चेअरमनच्या घरची घागर

त्या मंगळवारी अण्णाला घराबाहेर जाऊ दिलं कुणी?

एवढंच विचारतो मी. आईला विचारलं, ती चुलीकडे वळली. डॉक्टरांना विचारलं, ते चष्मा पुसायला लागले. म्युनिसिपालिटीच्या शिपायाला, गोविंदनला विचारलं, तर तो म्हणाला, "ते राहू दे तंबी. तुझ्या अण्णानं एकदा काय केलं माहीत आहे का?" आणि सुरू! तंबी म्हणजे धाकटा भाऊ; सगळ्या गावाचा मी तोच.

माझा थोरला भाऊ, अण्णा, जाऊन आज एकवीस दिवस झाले. रोज मी प्रश्न घेऊन बाहेर पडतो आणि किस्सा घेऊन घरी येतो. नळावर घागरींची रांग लागावी तशी आता डोक्यात किश्शांची रांग लागली आहे. मला लिहिण्याची सवय नाही. आठवीत दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. पण नाही लिहिलं तर कुणाच्या तरी अंगावर धावून जाईन, म्हणून लिहितो.

आमचं गाव मद्रासच्या उत्तरेला, एन्नोरच्याही पुढं. वडील तंजावरहून इथं शाळामास्तर म्हणून आले आणि इथंच वारले. मराठी बोलणारी घरं सगळी मिळून तीन. अशा गावात माझा अण्णा एकोणतिसाव्या वर्षी म्युनिसिपालिटीचा चेअरमन झाला! मेंबरांच्या दोन पार्ट्यांचं एकमेकांशी जमेना, म्हणून मुदलियार नावाच्या जुन्या मेंबरांनी तोड काढली. "त्या मास्तरांच्या मुलाला बसवा. मागं ना जात, ना जमीन. दोन महिन्यांनी ऊठ म्हटलं की उठेल."

अण्णा चार वर्षं बसला.

*

पहिल्या दिवशी मी त्याच्यासोबत ऑफिसात गेलो. मी अंगानं थोराड, मिशा वळवलेल्या, खांद्यावर वडिलांचं जरीचं अंगवस्त्र. अण्णा काडीसारखा, साधा पांढरा शर्ट. गोविंदननं दारात मलाच वाकून सलाम ठोकला, मलाच आत नेलं, माझ्यासाठीच खुर्ची ओढली.

मी बसलो! काय करणार, एवढी मोठी खुर्ची कोण सोडतो?

अण्णा मागून आला. मला वाटलं, आता कान धरणार. तर तो टेबलासमोर हात जोडून उभा राहिला. "चेअरमन सार, आमच्या रस्त्यावर दिवा नाही. पोरं गटारात पडतात."

मी मिशीवरून हात फिरवला. "पाहू."

"झालं," अण्णा गोविंदनकडे वळून म्हणाला, "चेअरमननं काय बोलायचं नाही ते कळलं. आता ऊठ, गाढवा."

चार वर्षांत त्या ऑफिसात 'पाहू' कुणी ऐकला नाही, असं गोविंदन शपथेवर सांगतो.

*

गावात सार्वजनिक नळ चार. पाणी येतं पहाटे, पण घागरी आदल्या संध्याकाळीच रांगेत लागतात. माणूस घरी, घागर रांगेत. दुसऱ्याच्या घागरीला कुणी हात लावत नाही. नवराबायकोची भांडणं मिटवायला पंच लागतात, पण घागरींच्या रांगेला आजवर पोलीस लागला नाही.

अण्णा चेअरमन झाल्यावर आमची पितळी घागर आपोआप पुढं सरकायला लागली. आईनं शेवटी ठेवावी आणि सकाळी ती पहिली असावी! आई खूश. अण्णानं एकदा पाहिलं आणि घागर उचलून पुन्हा शेवटी नेऊन ठेवली, सगळ्या बायकांसमोर.

आई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. मी मधला तारवाला.

"तुझ्या अण्णाला सांग, मेंबरांच्या घरात नळ आहेत. चेअरमनच्या आईची कंबर रांगेत मोडतेय."

"आईला सांग, समुद्राकाठच्या कुप्पमला नळ लागला की दुसऱ्या दिवशी आपल्या घरात. तोवर मी भरतो पाणी."

कुप्पम म्हणजे कोळ्यांची वस्ती. तिथल्या बायका दीड मैल वाळू तुडवत गावातल्या नळावर यायच्या आणि रांग संपली की कितीदा रिकाम्या परत जायच्या.

पाचव्या दिवशी सकाळी आईनं घागर चिंचेनं घासली, लख्ख केली, गळ्याला हळदकुंकू लावलं आणि एक शब्द न बोलता अण्णाच्या हातात दिली. तेव्हापासून रोज तसंच. ती घासून द्यायची, हा भरून आणायचा. त्या घागरीला आईशिवाय कुणी हात लावायचा नाही. मी एकदा लावला होता, उलथनं बसलं!

*

कुप्पमपर्यंत पाइप न्यायचा म्हटल्यावर मीटिंगमध्ये मेंबर हसले. मुदलियार म्हणाले, "समुद्राकाठी राहणाऱ्यांना पाण्याची काय कमी हो?"

पुढच्या मीटिंगला अण्णानं सगळ्यांना कॉफी मागवली. पितळी टंबलर, वर फेस, वास असा की मी दाराबाहेर उभा होतो तरी तोंडाला पाणी सुटलं.

मुदलियारांनी घोट घेतला आणि खिडकीकडे धावले!

"हे काय आहे राव?"

"कॉफी, सार. डिकॉक्शन तुमच्याच दुकानातल्या पुडीचं. दूध तुमच्याच म्हशीचं. पाणी फक्त कुप्पमच्या विहिरीचं."

मेंबरांनी आपापले टंबलर खाली ठेवले.

"दुसरा टंबलर आणू?" अण्णानं विचारलं.

ठराव पास झाला. दुसरा टंबलर कुणाला लागला नाही.

*

ठराव झाला, पण मंजुरी मद्रासहून यायची. अण्णा मला घेऊन गेला. तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या चाळीत, ओळखीच्या क्लार्कच्या खोलीत पथाऱ्या टाकल्या. रोज सकाळी सरकारी ऑफिस, रोज साहेबांचा निरोप, "उद्या या."

अण्णा तिथल्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राही. शेजारी एक म्हातारा अर्ज उलटा धरून बसला होता. अण्णानं तो सुलटा करून वाचून दाखवला, चुका दुरुस्त करून दिल्या. मग दुसरा आला. मग विधवा बाई आली. तिसऱ्या दिवशी साहेबांच्या दारापेक्षा अण्णाच्या बाकापुढं जास्त गर्दी! साहेब स्वतः बाहेर आले.

"हे कुणाचं ऑफिस उघडलंय इथं?"

"आमच्या गावचा कागद सही होईपर्यंतचं आहे, सार," अण्णा म्हणाला.

दुपारी सही झाली!

त्या ऑफिसचा जिना उंच होता. अण्णा दर चार पायऱ्यांवर थांबायचा, खिशातून एक घडीचा कागद काढायचा आणि वाचायचा. मग घडी घालून पुढच्या चार पायऱ्या. मला वाटायचं, शिकलेल्या माणसाला जिन्यातही वाचावं लागतं. परवा त्याचे शर्ट आवरताना तो कागद सापडला.

दोन्ही बाजूंनी कोरा.

*

पाइपचं खणकाम सुरू झालं. काँट्रॅक्टरचा मुकादम कुप्पमच्या माणसांना वाटेल ते बोलला, म्हणून मी त्याच्या थोबाडीत दिली. चेअरमनचा भाऊ! गावभर बोभाटा. मुकादम म्हणाला, पोलिसात जातो.

अण्णा म्हणाला, "पोलीस याला बसवून ठेवतील. तुम्ही याला आठ दिवस खणायला लावा."

मी खणलं. हाताला फोड आले. वीरम्मा नावाची मासे विकणारी म्हातारी, सगळ्यांची पाट्टी म्हणजे आजी, रोज चरापाशी उभी राहून मला खिजवायची. "खण रे तंबी, खण! चेअरमनच्या घरात एकाला तरी काम येतं!"

अण्णा आला की तीच म्हणायची, "अय्या, पाणी आलं की पहिली घागर तुझ्या आईची. माझा शब्द."

"पाट्टी, आमची शेवटी."

"ते तेव्हा बघू!"

"पाहू म्हणायचं नाही," अण्णा म्हणायचा.

*

पाइप पोचला आणि अण्णा पडला. डॉक्टर म्हणाले, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तेव्हाच हृदयाची झडप गेली. आता अंथरुणातून उठायचं नाही. आईनं काय केलं? घागर कोठीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "घागरच नाही तर जाईल कुठं?"

तिकडे कुप्पमच्या नळात पाणी आलं होतं, पण मंत्री यायचे होते. मंत्र्यांची तारीख दहा दिवस पुढं गेली. नळाला कुलूप, वर तोरण. बायका येऊन नळाला हात लावून बघायच्या आणि पुन्हा दीड मैल चालायच्या. गोविंदननं हे अण्णाला सांगितलं तेव्हा आई तिथंच कण्हेरीचा हार गुंफत होती. अण्णा आईकडे बघत राहिला.

मंगळवारी सकाळी मी औषध आणायला एन्नोरला गेलो. परत आलो तर अंथरूण रिकामं. आई चुलीपाशी, पाठमोरी. मी धावत सुटलो.

कुप्पमच्या नळापाशी घागरींची रांग लागली होती, पार होड्यांपर्यंत. मुदलियार आधीच पोचले होते. "राव, मंत्री यायच्या आधी नळ उघडला तर सगळ्या गावाची शोभा होईल!"

अण्णा एका उलट्या होडीवर बसला होता. ओठ निळे. "ते आले की पुन्हा उघडू, सार. नळ काय नारळ आहे, एकदाच फुटायला?"

त्यानं गोविंदनला खूण केली. गोविंदननं कुलूप काढलं आणि नळाच्या चावीवर हात ठेवून उभा राहिला.

तेवढ्यात वीरम्मानं रांगेच्या शेवटून आमची घागर उचलली आणि आणून तोटीखाली ठेवली. घागर चिंचेनं घासलेली, लख्ख. गळ्याला ताजं हळदकुंकू.

"माझा शब्द!" ती म्हणाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णा उठला. मी धरायला गेलो, त्यानं माझा हात बाजूला केला. घागर उचलून काखेत घेतली आणि रांगेच्या कडेनं चालायला लागला. चार घागरी ओलांडल्या की थांबायचा. खिशातला कागद काढायचा, वाचायचा, घडी घालायचा. पुन्हा चार घागरी. अख्खं कुप्पम गप्प उभं होतं. चेअरमन वाचतोय म्हटल्यावर कोण बोलणार!

शेवटच्या घागरीमागं त्यानं आमची ठेवली. वाळूत दोनदा फिरवून नीट बसवली. कागद खिशात घातला.

"हं, गोविंदन," तो म्हणाला, "सोड पाणी."