मी डोळे दिले

आमच्या बाबांना धरमपेठेतले लोक पंधरा दिवस आंधळे समजत होते आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाबा ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी नेत्रदानाचं मनावर घेतलं. म्हणजे मरणानंतर डोळे देण्याचे अर्ज लोकांकडून भरून घ्यायचे. तेव्हा मरणाचा विषय काढलेलाही कुणाला आवडत नसे आणि बाबा तर थेट अर्जच पुढे करायचे. त्यांना पाहून लोक सायकली वळवू लागले होते. तरी त्यांनी आमच्या अंगणात शिबिर ठरवलंच. अर्ज भरणाऱ्याला काहीतरी खूण द्यावी, असं त्यांच्या मनात होतं. कागदी बिल्ले नागपूरच्या घामात दुपारपर्यंत टिकत नाहीत, म्हणून मी म्हटलं, "मनगटात घालायच्या रबरी पट्ट्या करू. चालत्याफिरत्या जाहिराती!" (मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो, आणि घरी बसलेल्या माणसाला कल्पना फार सुचतात.)

शेषराव नावाचे एक गृहस्थ मोटारपंपाचे रबरी वॉशर बनवत. त्यांनी मापासाठी मनगट मागितलं. मी माझं पुढे केलं. त्या काळी माझ्या मनगटात पाच वर्षांच्या मुलीची बांगडी सहज गेली असती. रंग लाल ठरला. मग मी बाबांनी लिहून दिलेला मजकूर वाचून दाखवला : 'मी मरणोत्तर नेत्रदानाचा संकल्प केला आहे.'

"एवढी पोथी यावर नाही मावत गा भाऊ," शेषराव म्हणाले. "पाचसहा अक्षरं सांग."

मी तिथंच स्टुलावर बसून काटछाट केली. मरण अशुभ, ते काढलं. संकल्प जोडाक्षरी, तोही काढला. शेवटी उरलं 'मी डोळे दिले'. मोजून पाच अक्षरं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

शिबिरात तीसेक जणांनी अर्ज भरले. पट्ट्या इतक्या घट्ट निघाल्या, की पावडर लावून, दोघांनी ओढून चढवाव्या लागल्या. चढल्या त्या उतरेनात. बाबांना उलट तेच आवडलं. "संकल्प असा पाहिजे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाबा बसमध्ये चढले. कंडक्टरनं त्यांची पट्टी वाचली आणि एका तरुणाला दटावलं, "उठ ना गा, त्यायच्या हातावरचं वाचून नाही राहिला का? बसा बाबूजी. मी तुमाले उतरवून देतो." बाबांना वाटलं, समाजात अजून जाणीव आहे. परतताना चौकात एका रिक्षावाल्यानं हात धरून त्यांना रस्ता पार करून दिला. त्यांना पार करायचा नव्हता. म्हणून ते वळले, तर दुसऱ्या भल्या माणसानं पुन्हा हात धरून अलीकडे आणून सोडलं आणि वर सांगितलं, "काठी तरी घेत जा ना बाबूजी."

घरी येऊन बाबांनी चष्मा लावून पट्टी नव्यानं वाचली आणि मनगट माझ्या नाकासमोर धरलं.

"जाहिरात तर होते आहे," मी म्हटलं.

त्यातच कुंदाला, माझ्या धाकट्या बहिणीला, पाहायला नरखेडकडची मंडळी आली. मुलगा सरकारी नोकरीत, घरचा संत्र्याचा बगीचा, आणि कुंदाला फोटो आवडलेला. आईनं तिला एकच बजावलं होतं, नजर वर करायची नाही.

मुलाच्या आईनं पोह्यांची बशी घेता घेता कुंदाचं मनगट वाचलं. त्यांचा चेहराच उतरला.

"पोरी, वर पाह्य ना वं," त्या मायेनं म्हणाल्या.

कुंदानं मान आणखी खाली घातली.

"बरं, माह्या लुगड्याचा रंग कोणता हाय, सांग."

असल्या प्रश्नाची तयारी आईनं करून घेतली नव्हती. बाईंची नजर मग आईच्या मनगटावर गेली, तिथून बाबांच्या.

"तुमी बी देले?"

"घरातल्या सगळ्यांनीच दिले," बाबा अभिमानानं म्हणाले.

"काहून पण?"

"कुणाच्या तरी उपयोगी पडतील. नाहीतरी जळूनच जायचे."

बाईंनी बशी खाली ठेवली. "मंग या घरात पाह्यते कोण?"

कुंदाला हसू फुटलं. तिनं मान वर केली. "जांभळं लुगडं. हिरवे काठ," ती म्हणाली आणि मुलाकडे सरळ पाहून घेतलं. तोही हसला. बाबांनी अर्ज आणून सगळं नीट समजावलं. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता माझ्याकडे वळल्या.

"आन तुह्या हातात काहून नाही गा?"

"मला... लहान पडली," मी म्हणालो.

"माप याच्याच मनगटाचं आहे," बाबा म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं.

मी अर्ज भरलाच नव्हता. स्वतःचं नाव आणि 'मृत्यूनंतर' हा शब्द एका कागदावर पाहिला की मी पेनचं टोपण लावून टाकायचो. तीस लोकांना पट्ट्या चढवताना मी पावडरचा डबा धरून उभा होतो, इतकंच.

बाईंनी बाबांकडून पेन मागून घेतलं, आपला अर्ज तिथल्या तिथे भरला आणि पेन माझ्या हातात दिलं. "भर आता. मी साक्षीदार राह्यते."

सगळ्यांसमोर भरला. पहिली सही भलत्याच रकान्यात झाली, म्हणून दोनदा करावी लागली.

कुंदाचं लग्न त्याच घरी झालं. पुढे चाळिशीत मला जाड भिंगांचा चष्मा लागला, तेव्हा सगळ्यात वाईट तिच्या सासूबाईंना वाटलं. त्या मुद्दाम नरखेडहून भेटायला आल्या, माझा चष्मा काढून दोन्ही डोळे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "दुसऱ्याची वस्तू कोणी अशी वापरते काय गा?"